जुनी ऑक्टाविया आरएस घ्यायच्या आधी केलेला हिशोब : माझा अनुभव

बरेच जण विचारतात की सेकंडहँड आरएस घेतलीस ती परवडते का, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कोडाने ऑक्टाविया आरएस २३० (ऑक्टावियाची जास्त ताकदीची, स्पोर्टी आवृत्ती) भारतात २०१७ मध्ये आणली, २.० लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस ताकद, ६ स्पीड डीएसजी (दोन क्लचचा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एक्स-शोरूम २४.६२ लाख. मोजक्याच गाड्या आल्या आणि हां हां म्हणता संपल्या, त्यामुळे आज एवढ्या जुन्या गाडीलासुद्धा मालक बिनधास्त १७-१८ लाख सांगतात आणि गिऱ्हाईकही मिळतं. तेवढ्या पैशात नवीकोरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही येते, वॉरंटीसकट, सनरूफसकट. पण मला ती नको होती, मला आरएस हवी होती, त्यामुळे "ही की ती" हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता की घेतल्यावर ती दारात उभी करून ठेवावी लागणार नाही ना. कारण असे दोघेतिघे माझ्या ओळखीत आहेत, गाडी घेतली हौसेने आणि पहिल्या मोठ्या बिलानंतर कव्हर घातलं ते आजतागायत निघालं नाही.

सगळ्यात आधी डोक्यात पक्कं केलं ते हे की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. मी १७ लाख दिले काय किंवा १० लाख दिले काय, ब्रेक डिस्क, कंट्रोल आर्म, हेडलाइट हे सगळं त्या २५-३० लाखांच्या गाडीच्याच भावात मिळणार, आणि तेही स्टॉकमध्ये असेल तर. म्हणून "किती स्वस्तात पाडली" याला माझ्या लेखी फार अर्थ नाही.

मग बसलो एक्सेल उघडून. माझं रनिंग वर्षाला साधारण ८,००० किमी, कारण ऑफिसला मी मेट्रोने जातो आणि ही गाडी वीकेंडला, महाबळेश्वर नाहीतर कोल्हापूरला. पुण्याच्या ट्रॅफिकसकट ॲव्हरेज ९ धरलं (कंपनीचा आकडा जास्त आहे, पण चांदणी चौकात तो आकडा कुणाला मिळत नाही), पेट्रोल १०४ रुपये, झाले ९२ हजार. इन्शुरन्स ४५ हजार. सर्व्हिस, ऑइल, फिल्टर, प्लग वगैरे सरासरी ३० हजार. टायरचा चांगल्या कंपनीचा सेट ७० हजारांच्या घरात जातो आणि ३२-३३ हजार किमी चालेल असं धरलं तर वर्षाचे १७ हजार. आणि "काहीतरी निघेल" या नावाने ६० हजार वेगळे. इथपर्यंत २ लाख ४४ हजार.

इथे मी खुश होऊन बायकोला शीट दाखवली. ती बँकेत आहे, तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे, १७ लाख एफडीत असते तर ७ टक्क्याने १ लाख २० हजार आले असते, ते कुठे लिहिलेत? आणि दरवर्षी गाडीची किंमत लाखभर उतरणार ती?" लिहिलं गुपचूप. टोटल ४ लाख ६४ हजार, म्हणजे किलोमीटरला ५८ रुपये. "यात कॅबने हिंडून वर जेवूनही येऊ आपण," इति सौ. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही, पण तिने नाही म्हटलं नाही. तिची अट एकच होती, गाडी लोनवर घ्यायची नाही (जुन्या गाडीचं लोन १२-१३ टक्क्याने पडत होतं) आणि २ लाख रुपये वेगळ्या खात्यात फक्त गाडीसाठी, त्याला इतर कशासाठी हात लावायचा नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात शहाणा निर्णय हाच, आणि तो माझा नाही.

मग गाड्या बघायला सुरुवात. एक बंगळूरची होती, इथल्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त, फोटोत तर एकदम टकाटक. पण केएची (कर्नाटक पासिंगची) गाडी इथे आणून १२ महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, वयाप्रमाणे सूट मिळते पण २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला मूळ दरच १३ टक्के आहे. कर्नाटकचा राहिलेला टॅक्स परत मागता येतो, फक्त त्यासाठी तिकडच्या आरटीओचे उंबरे झिजवायची तयारी पाहिजे. दीड लाख बघता बघता संपले. सोडली.

दुसरी पुण्यातलीच, एका डीलरकडची. "सर, टायर सत्तर टक्के आहेत, बघायचं कामच नाही." नक्षी खरंच भरपूर होती. पण टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या पुढे लंबगोलात चार आकडे असतात ते वाकून मोबाइलच्या उजेडात बघितले, २३१८. म्हणजे २०१८ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नखाने दाबलं तर रबर प्लास्टिकसारखं कडक, आणि खोबणीच्या तळाशी केसाएवढ्या भेगा. २३० पीएसची ताकद ज्या चार टायरवर रस्त्याला लागणार ते असले, आणि ओडोमीटर म्हणतोय ३८ हजार. डीलरला दाखवलं तर म्हणे ते बॅच नंबर असतात. बरं म्हटलं.

टायर तर बदलता येतात, ते ७० हजार किमतीतून कमी केले की झालं. पण मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो होतो, भोसरीला छोटं गॅरेज आहे, फक्त जर्मन गाड्या करतो. त्याने स्कॅनर लावला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ही रीमॅप होती, विकायला काढायच्या आधी परत स्टॉक केलीय. नको." रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची. नीट केलं तर गाडी मजबूत पळते, पण क्लच, टर्बो, गिअरबॉक्स सगळ्यावर लोड वाढतो आणि इन्शुरन्स कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी लफडं होऊ शकतं. मुळात केली होती याचा मला राग नाही, लपवली याचा आहे. सांगितलं असतं तर कदाचित भाव करून घेतलीही असती.

शेवटी जी घेतली ती ठाण्याच्या एका डॉक्टरांची. ६१ हजार किमी, म्हणजे त्या ३८ हजारवालीपेक्षा कागदावर वाईट. पण काकांनी फाइल काढली ती जाडजूड, पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं तारीखवार. मी फक्त डीएसजीच्या ऑइलचं बिल शोधत होतो. या ६ स्पीडचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, आणि ते ऑइल अन् फिल्टर ६० हजार किमीला बदलायचंच असतं, पण २०-२५ हजार रुपयांचा खर्च म्हणून लोक टाळतात आणि पुढच्याच्या गळ्यात मारतात. ते बिल फाइलमध्ये होतं, ५८ हजार किमीला केलेलं. स्कॅनमध्येही काही निघालं नाही, इंजिनच्या पाण्याच्या पंपाच्या हाउसिंगजवळ कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) वाळलेले गुलाबी डाग पडलेत का तेही मेकॅनिकने आरसा आत घालून बघितलं (ते हाउसिंग प्लास्टिकचं असतं, वयाने गळू शकतं). कोरडं होतं. काकांनी किंमत २५ हजारच कमी केली, मी फार ताणलं नाही.

इन्शुरन्सचं मात्र नीट समजून घ्या, इथे लोक गाफील राहतात. काकांचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) होता, पण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, ते तो आपल्या पुढच्या गाडीला नेणार आणि मला पॉलिसी नावावर करताना उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागला. नावावर करायला १४ दिवस असतात, तेवढ्यात करा. थर्ड पार्टीच (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा भाग) १५०० सीसीच्या वर म्हणून ७,८९७ अधिक जीएसटी. आणि एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) बऱ्याच कंपन्या देतच नाहीत. मग बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे आपल्या खिशातून, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या पार्टचे ४० टक्के. या गाडीचा पुढचा बंपर किती खाली आहे ते बघितलं की मी झिरो डेप देणारी कंपनी शोधायला तीन संध्याकाळी का घालवल्या ते कळेल. ते ४५ हजार त्याच कंपनीचे.

कागदपत्रांत विशेष काही नाही, गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, ऑनलाइन फी, ई-चलन बाकी आहे का ते आधी बघायचं. एकच अडलं, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकेना. ७४५ रुपये अधिक जीएसटीचं काम, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंत नवी गाडी खाली उभी आणि मी गॅलरीतून बघतोय.

आता खात्याचं. ते २ लाख भरून ठेवलेले, त्यातून पहिल्याच वर्षी चार टायर, पुढचे ब्रेक पॅड आणि बॅटरी मिळून ९६ हजार गेले. "काहीतरी निघेल"चे ६० आणि टायरचे १७ धरूनसुद्धा १९ हजार वर. पुढच्या वर्षी टायर नाहीत, त्यामुळे भरून निघेल असं शीट म्हणतंय. रनिंग मात्र ८ च्या जागी ११ हजार झालं, आणि त्याला जबाबदार आंबेनळी घाट आहे. कॉलम दुरुस्त केलाय.