उजवाच हात

ठाण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये मी फोटोथेरपीची, म्हणजे किरणांनी उपचार करण्याची, खोली सांभाळते. त्या दिवशी आलेले काका ओळखीचेच. घोडबंदर रोडला कंपनीची गाडी चालवतात, दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत सोरायसिस, म्हणजे त्वचेच्या पेशी भराभर वाढून पडणारे चट्टे. मध्यंतरी येणं बंद झालं होतं, दुकानातून आणलेलं तेल चोळत होते. आता उजवा हात लालजांभळा, टच्च सुजलेला, पाणी भरलेले फोड. डाव्यावर नुसते जुने चट्टे.

ज्युनियर डॉक्टरांनी घाईघाईत ‘तेलाची अ‍ॅलर्जी’ लिहून टाकलं. मला पटेना. तेल दोन्ही हातांना लावलेलं. अ‍ॅलर्जीला डावं-उजवं कुठून कळणार?

“उन्हात होता का, काका?”

“नाही हो ताई. एसी चालू, काच दिवसभर बंद.”

तिथेच उलगडा झाला. तेल बावचीचं होतं. बावची या वनस्पतीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीच्या डीएनएत शिरून बसतं आणि उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण पडले की तिथेच घट्ट जोडलं जातं. भराभर वाढणाऱ्या पेशी थबकतात. 1974 साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिसवर हीच जोडी वापरून दाखवली, तिला पुवा म्हणतात. हा यूव्हीए काचेतून येतो. गाडीची पुढची काच दोन थरांची, ती बहुतेक अडवते. दाराची साधी काच बराचसा आत सोडते. आणि ड्रायव्हरचा उजवा हात दाराशीच.

आमच्याकडे त्याच जातीचं औषध लावलं की मी किरणांच्या अगदी छोट्या मात्रेपासून, पाव-अर्ध्या ज्यूलपासून, सुरुवात करते. ट्यूब जुन्या झाल्या की प्रकाश मंदावतो, म्हणून मीटर लावून वेळ पुन्हा काढते. डोळ्यांवर गॉगल, नंतर हात धुऊन, झाकूनच घरी पाठवते. काकांनी दुपारचं ऊन बेहिशेबी घेतलं. शिवाय साध्या उन्हाचा चटका संध्याकाळपर्यंत कळतो, हा दोन-तीन दिवसांनी भडकतो. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशीही तेल चोळलं.

“झाडपाल्याचं आहे, अपाय नाही,” असं दुकानदाराने सांगितलं होतं. याचा मला फार राग येतो. शरीरावर काही करतच नसेल, तर गुण तरी कशाने येणार?

सरांना दाखवलं, त्यांनी निदान बदललं. हात बरा होतोय.

पण काका तेलाकडे वळले ते आमच्या वेळेमुळे. आठवड्यातून तीनदा, दहा ते पाचमध्येच या, म्हटल्यावर ड्रायव्हरला रजा कोण देणार? मी सातनंतरची वेळ मागितली आहे. मशीन तेव्हा रिकामंच असतं. वरून उत्तर आलं, स्टाफ नाही. मी थांबायला तयार आहे, असं लेखी दिलं आहे.