ॲम्प्लिफायर तीनदा दुकानात गेला, घरघर घरातच होती

अर्थिंगची पिन काढून टाका, स्पीकरमधली घरघर जाईल, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर आपला ॲम्प्लिफायर उचला आणि घरी या. मला हे सांगितलं गेलं, तेही १,८५० रुपये घेऊन झाल्यावर. जुन्या ॲम्प्लिफायरची पेटी पत्र्याची असते. आत कुठे वायर उघडी पडून फेज पत्र्याला लागला, तर त्या तिसऱ्या पिनेमुळे फ्यूज उडतो आणि हात लावणारा माणूस वाचतो. माझी आई रोज सकाळी त्याच पत्र्यावरून ओलं फडकं फिरवते. म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतो. बाबांनी १९८६ साली घेतलेला ॲम्प्लिफायर, त्यांचा रेकॉर्ड प्लेयर आणि दोनेकशे रेकॉर्ड आता मी सांभाळते. रात्री जेवणं आवरली की नाट्यसंगीताची एक बाजू लावायची, आई तिच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकते. गेल्या श्रावणात एका रात्री सुई टेकायच्या आधीच दोन्ही स्पीकरमधून घर्रर्र सुरू झालं, डब्यात भुंगा कोंडल्यासारखं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. चार दिवसांनी पुन्हा. कधी अर्धा तास, कधी रेकॉर्ड बंद करेपर्यंत.

सोलापुरी चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मी तो गावातल्या एका दुकानात नेला. ‘ठेवून जा ताई, बघतो.’ नऊ दिवसांनी बोलावलं. ‘इथं तर चकाचक वाजतंय की.’ त्याने स्वतःचा मोबाइल मागच्या ऑक्सला, म्हणजे मोबाइल वगैरे जोडायच्या जागी, जोडून गाणं लावून दाखवलं. मी म्हटलं, आमच्याकडे रेकॉर्ड लावल्यावर होतं, मोबाइलवर नाही. त्यावर तो म्हणाला, ‘आवाज तो आवाज, कुठूनपण वाजवा.’

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आता देते. रेकॉर्डच्या सुईतून येणारा सिग्नल व्होल्टच्या काही हजारांशांइतकाच असतो. मोबाइलचा त्याच्या शंभर पटीच्या आसपास. म्हणून फोनो लिहिलेल्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायच्या जागी ॲम्प्लिफायर सिग्नल आधी साधारण शंभर पट मोठा करतो, आणि त्याच्याबरोबर वायरीतून शिरलेला कचराही तेवढाच मोठा होतो. ऑक्सवर तपासून रेकॉर्डची घरघर ऐकू येणारच नव्हती. नऊ दिवस तो तिथे नुसता पडून होता.

घरी आणला, त्याच रात्री घरघर. या वेळी मोबाइलवर आवाज टिपून घेऊन गेले. त्याने चार सेकंद ऐकला आणि सांगितलं, ‘कंडेन्सर गेलेत.’ म्हणजे आतल्या विजेचे चढउतार सपाट करणारे भाग. मग सुरू झालं उद्या या, परवा या. पार्ट पुण्याहून यायचाय. आज मुलगा आला नाही. एकदा भर पावसात शाळेतून थेट गेले, तर शटर अर्धं खाली आणि माझा ॲम्प्लिफायर झाकण काढून मिक्सरच्या भांड्यांखाली. बाबा त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवू द्यायचे नाहीत. मी तिथेच ती भांडी उचलून बाजूला ठेवली. सतरा दिवसांनी दोन मोठे कंडेन्सर बदलून मिळाले, बिल १,८५०. काढलेले जुने मी मागून घेतले. तुम्हीही घ्या, संकोच करू नका, आपल्या वस्तूतून निघालेला भाग आपलाच.

तिसऱ्या रात्री पुन्हा घर्रर्र.

मला सगळ्यात राग याचा आहे: ते कंडेन्सर बदलायचे की नाही, हे एका मिनिटात कळलं असतं. फिल्टरचे कंडेन्सर सुकले की हुंकार रोज येतो, चालू केल्यापासून बंद करेपर्यंत येतो, आणि व्हॉल्युम शून्यावर नेला तरी थांबत नाही. माझी घरघर व्हॉल्युमबरोबर वाढायची, शून्यावर गप्प व्हायची. म्हणजे ती व्हॉल्युमच्या बटणाच्या अलीकडून, बाहेरून आत येत होती. मला कुणी विचारलंच नाही की व्हॉल्युम कमी केल्यावर काय होतं. आवाज कधी येतो, तेव्हा घरात काय काय चालू असतं, हेही नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने चादरही सोडली नाही. ‘तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम आहे मॅडम. तिसरी पिन काढून टाका.’ दोष घरात आहे हे त्याला समजलं होतं. मग घरात काय शोधायचं ते सांगायचं, पिन कशाला कापायला लावायची? मी एक शब्द न बोलता रिक्षा केली.

त्या रात्रीपासून भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, घरघर आली की वेळ लिहायला लागले. वायरमन काकांना बोलावून अर्थिंगही तपासून घेतलं, फेज-न्यूट्रल २३२, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. दारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात त्यांनी दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, तेव्हा हे करत जाच. घरघर मात्र होती तशीच राहिली.

कॅलेंडरवर तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सगळ्या रात्री नऊनंतरच्या, आणि बहुतेक पाऊस पडून गेलेल्या रात्रीच्या. एका रात्री घरघर चालू असताना आईच्या उशाशी तिचा छोटा ट्रान्झिस्टरही करकर करताना ऐकला. तो मीडियम वेव्हवर होता. हातात घेऊन घरभर फिरले. फ्रिजजवळ काही नाही, सेट टॉप बॉक्सजवळ थोडंसं, आणि आईच्या खोलीतल्या स्विचबोर्डजवळ नेला तर नुसता किंचाळायला लागला. आईने पंखा दोनवर केला होता. मी पाचवर नेला, तर करकर जवळजवळ गेली. हॉलमध्ये धावले, स्पीकरही शांत.

पंख्याचा तो गोल, सरकत फिरणारा रेग्युलेटर आदल्या दिवाळीत रंगकामाच्या वेळी बसवला होता. जुना काळा, गरम होणारा डबा काढून. नव्यात ट्रायॅक, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. पंख्याचा वेग कमी करायला तो विजेची लाट मधेच तोडतो, आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेत सेकंदाला शंभर वेळा. तो प्रत्येक झटका वायरिंगमध्ये पसरतो. मधल्या वेगावर सर्वांत जास्त, पूर्ण वेगावर जवळपास नाही. थंडीत तो पंखा लागलाच नाही, आणि सोलापूरच्या ४२-४३ अंशांत पाचच्या खाली कोण आणतो? पावसाळ्यात रात्री गारवा आला की आई पंखा दोनवर करायची, आणि इकडे घरघर.

लाट न तोडणारा, कंडेन्सरवाला, खटखट टप्प्यांनी फिरणारा रेग्युलेटर ३२० रुपयांना आला, काकांनी दहा मिनिटांत बसवला. त्या रात्री मी पंखा मुद्दाम दोनवर ठेवला, फोनोवर व्हॉल्युम अर्ध्यावर नेला आणि सुई न टेकवता उभी राहिले. स्पीकरला कान लावल्यावर अगदी बारीक सूं, बस. आतून आई म्हणाली, ‘अगं, लावतेस ना?’ मला इतकं भरून आलं की पटकन ओ देता आली नाही.

सांगायचं राहिलं: रेकॉर्ड प्लेयरमधून लाल-पांढऱ्या पिनांबरोबर एक बारीक सुटी वायर येते, ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूला घट्ट आवळलेली हवी. ती सैल असेल तर सतत गुं गुं येतं, आणि ते वेगळं दुखणं. दुकानातून परत आणल्यावर आमची ती वायर लोंबतच होती.