ऐंशी मीटर आणि पुढचे तीन दिवस

आमच्या तपासणीच्या खोलीबाहेरचा कॉरिडॉर बरोब्बर वीस मीटरचा आहे. फायर डोअरपासून कॉफीच्या मशीनपर्यंत. दोनदा जाऊन-येऊन केलं की ऐंशी मीटर होतात. इंग्लंडात ब्लू बॅज मिळणार की नाही हे बऱ्याच वेळा या ऐंशी मीटरांत ठरतं, आणि स्टॉपवॉच घेऊन तिथे उभी असते ती मी.

ब्लू बॅज म्हणजे दिव्यांगांचा पार्किंगचा परवाना. काचेमागे ठेवायचं निळं कार्ड, सोबत आल्याची वेळ लावायचं पुठ्ठ्याचं घड्याळ. तो माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून गेलात तरी चालतो. १९७१ साली ही योजना सुरू झाली तेव्हा बॅज नारिंगी होता, २००० साली निळा झाला. ज्यांना सरकारकडून ठरावीक भत्ते मिळतात त्यांना अर्ज केल्यावर तो तपासणीविना मिळतो. उरलेल्यांपैकी ज्यांचं कागदावरून ठरत नाही ते आमच्याकडे येतात. पूर्वी घरचा डॉक्टरच चिठ्ठी द्यायचा. पण वर्षानुवर्षांच्या पेशंटला तोंडावर नाही कोण म्हणणार? म्हणून आता माझ्यासारखे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ज्यांनी अर्जदाराला आधी कधी पाहिलेलं नसतं.

खरं सांगायचं तर तपासणी खोलीत सुरू होतच नाही. मी नाव पुकारते तेव्हा माणूस खुर्चीतून कसा उठतो, हाताचा रेटा देतो का, पर्स कुठल्या खांद्याला आहे, बूट बंदांचे की नुसते सरकवायचे, हे सगळं तोवर टिपून झालेलं असतं. आमच्या खिडकीतून पार्किंगही दिसतं. हेतू वाईट नसला तरी आठ वर्षं हे काम केल्यावर नजर थोडी पोलिसी होते, हे कबूल करते.

नोव्हेंबरातला पाऊस होता. सकाळी एक गृहस्थ येऊन गेले होते. दहापैकी दुखणं किती, विचारल्यावर ‘पंधरा’ म्हणाले आणि मग कॉफी मशीनपाशी माझ्यासाठी दार धरून ऐटीत उभे राहिले. त्यानंतर ह्या बाई. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतेय.) चाळिशी उलटलेल्या, पूर्वी शाळेच्या जेवणघरात वाढपाचं काम करणाऱ्या. केस नीट बसवलेले, हलकी लिपस्टिक. काठी नाही, कुबडी नाही. अर्जावर आजार लिहिलेला: फायब्रोमायाल्जिया.

या आजारात एक्स-रे स्वच्छ येतो, रक्त स्वच्छ येतं, आणि अंग मात्र ठणकत असतं. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ठेवते, असं सध्या समजलं जातं. आपल्याकडे तर याची आणखी पंचाईत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत फायब्रोमायाल्जियाचं नाव नाही. सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप करताना, दिव्यांगत्वाचा दाखला देणाऱ्या बोर्डाच्या दिवशी अशा बायका रांगेत दिसायच्या. ‘बाई, तुमचे हातपाय तर चालतायत की,’ एवढं ऐकून परत जायच्या. त्या वेळी मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बाईंनी दुखण्याचा आकडा सहा सांगितला. तो पंधरावाला आठवून मला हा सहा जरा कमीच वाटला. मग त्या चालल्या. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, चौथी. कुठे थांबल्या नाहीत, भिंतीला हात लावला नाही. चाल थोडी संथ, एवढंच. मी मनातल्या मनात ‘नामंजूर’ लिहून मोकळी झाले होते. ऐंशी मीटरच्या पुढे चालता येतं आणि चालण्यात दुसरी काही मोठी अडचण दिसत नाही, अशांना बॅज द्यायचा नाही, असं सरकारी मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे.

खोलीत परतल्यावर अर्ज पुरा करायचा म्हणून विचारलं, “आज इथे येण्यासाठी काही खास तयारी केलीत का?”

“केस रविवारी धुतले,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्या दिवशी बुधवार.

“हात वर धरून केस धुतले की दोन दिवस खांदे जातात. आज धुतले असते तर येता आलं नसतं. सोमवार-मंगळवार पडूनच होते. ऑफिसात यायचं म्हणजे जरा नीटनेटकं नको का?”

“आणि उद्या?”

त्या हसल्या. पर्समधून फोन काढून पावलं मोजणारं ॲप उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. महिन्याचा आलेख. एक उंच खांब, मग तीन दिवस जवळजवळ रिकामे. पुन्हा एक खांब, पुन्हा तीन-चार दिवस सपाट. एका खांबावर बोट ठेवलं, चार हजार शंभर पावलं: “बहिणीच्या मुलीचा वाढदिवस.” शेजारचे आकडे तीनशे दहा, दोनशे चाळीस, सहाशे. “ही बाथरूमपर्यंतची.”

आमच्या मावशीला कुणी आकडा विचारला असता तर तिने सांगितलाच नसता. ती म्हणाली असती, रात्रभर पोटऱ्यांत रग लागते, सकाळी कंबर धरते, मध्येच कळ मारते, आणि वर ‘चालायचंच’. इंग्रज बाईचा सहा म्हणजे तेच ‘चालायचंच’ होतं. माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

मी मार्गदर्शिका पुन्हा उघडली. वेदनेच्या कलमात ‘चालताना’ एवढंच नाही, ‘चालण्याच्या श्रमामुळे’ होणारी जास्त वेदनाही धरली आहे. इतकी वर्षं ते वाक्य डोळ्यांखालून जात होतं. पण स्टॉपवॉच मी चौथी फेरी संपताच बंद करत होते.

त्यात आणखी एक गोम आहे. डॉक्टरांनी कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या इथल्या ‘नाइस’ या संस्थेने एप्रिल २०२१मध्ये जुनाट वेदनेबद्दल सूचना काढल्या. अशा रुग्णांना पॅरासिटामॉल, ब्रुफेन, अफूच्या जातीच्या गोळ्या नव्याने सुरू करू नका, व्यायामाकडे वळवा. म्हणजे डॉक्टर सांगतो, रोज थोडं चाला. आणि आमचा फॉर्म विचारतो, तुम्हाला चालता येत नाही ना? बाई बिचाऱ्या दोघांचंही ऐकत होत्या. त्यांना बॅज हवा होता तो दुकानाच्या दारापर्यंतची पावलं वाचवून ती दुकानाच्या आत खर्च करायला. शिवाय त्या जागा रुंद असतात, गाडीचं दार पूर्ण उघडून दोन्ही पाय एकदम बाहेर टाकता येतात.

निघताना दारात थांबून म्हणाल्या, “आता खिडकीतून बघणार ना माझ्याकडे? बहिणीने सांगितलंय.”

“बघते मी,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

“मग बघा. गाडीत बसल्यावर लगेच निघत नाही मी.”

पंचवीस मिनिटं गाडी हलली नाही. वायपरही बंदच होते.

अहवालात मी होकार लिहिला. ऐंशी मीटर विनाथांबा चालल्या, हेही जसंच्या तसं लिहिलं. त्यांच्या परवानगीने पावलांच्या आलेखाची प्रत जोडली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आमच्या नोंदणीवाल्या पोराचा फोन.

“तू हे काय जोडलंयस? कुठल्या सदरात घालू?”

“चालण्याच्या.”

“अगं, पण यात अर्धा महिना त्या झोपूनच आहेत.”

“हो. चालण्याच्याच सदरात घाल.”