आमच्या कूलंटची त्वचा-चाचणी : माझा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कटिंग ऑइल, कूलंट (धातू कापताना मशीन आणि हत्यार थंड ठेवणारा द्रव), गंजरोधक तेलं असा माल आम्ही बनवतो. बहुतेक माल अंबड-सातपूरच्या मशीन शॉपमध्येच खपतो, थोडा सिन्नरला जातो. मी क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी, बघते. पाण्यात मिसळून वापरायच्या आमच्या कूलंटच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे मालाचे धोके आणि काळजी सांगणाऱ्या कागदावर, बरीच वर्षं एकच वाक्य होतं : ‘त्वचेला त्रास होण्याची शक्यता.’ एका ग्राहकाने त्यावर बोट ठेवलं. त्यांची मूळ कंपनी युरोपातली. हे वाक्य हिशोबावरून लिहिलंय की चाचणीवरून, एवढंच त्यांना हवं होतं.

हिशोबावरून होतं. जीएचएस, म्हणजे रसायनांचे धोके ठरवण्याची जागतिक पद्धत, तिच्या नियमाप्रमाणे त्वचेचा दाह करणारे, म्हणजे वर्ग २ चे घटक मिळून १०% किंवा जास्त भरले तर अख्खं मिश्रण वर्ग २ मध्ये जातं. कातडी भाजणारे वर्ग १ चे घटक असतील तर ते दहापट धरून बेरजेत घ्यायचे. आमच्या कूलंटमध्ये मोनोइथेनॉलअमाइन हे अमाइन आहे. नुसतं घेतलं तर ते कातडी भाजतं, म्हणून हिशोबात भारी पडतं. पण कूलंटमध्ये ते आम्लांशी जोडलेलं असतं, मोकळं फारसं उरत नाही. म्हणजे कागदावरची बेरीज धोका वाढवूनही दाखवत असेल. उलट, इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक) आणि अमाइन एकत्र आल्यावर त्वचेचं काय होतं हे बेरजेत दिसतच नाही. सातपूरच्या एका शॉपमध्ये ऑपरेटरांच्या बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या भेगा मी पाहिल्या होत्या. त्यामुळे ग्राहकाने विचारलं नसतं तरी मला हे उत्तर हवंच होतं.

चाचणी करायची ठरल्यावर पहिली सूचना आली ती अशी : ‘मॅडम, चार पोरांच्या हाताला लावून बघू, उद्यापर्यंत कळेल.’ मी सरळ नाही म्हटलं. पगारावर असलेल्या मुलाला नाही म्हणायची मोकळीक नसते, आणि ज्याचा परिणाम आपल्यालाच माहीत नाही ते त्याच्या हातावर लावायचा आपल्याला अधिकार नाही. दुसरी सूचना सशांची. ती पद्धत ड्रेझ यांनी १९४४ साली मांडली. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणी-पद्धतींना क्रमांक असतात; त्यातल्या आजच्या ओईसीडी ४०४ प्रमाणे सशाच्या पाठीवरचे केस काढून अर्धा मिली रसायन चार तास लावून ठेवतात, मग ७२ तासांपर्यंत लाली आणि सूज यांना शून्य ते चार गुण देतात. लाली किती, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. सशाची कातडी माणसापेक्षा नाजूक, म्हणून निकालही माणसाशी नेहमी जुळत नाही. शिवाय युरोपच्या रीच या रसायनविषयक कायद्यात २०१६ च्या बदलानंतर प्राण्यांविना होणारी चाचणी आधी मागतात. जनावराला यातना देऊन वर ग्राहकाने अहवाल परत पाठवला असता, तर मला स्वतःला ते सहन झालं नसतं.

उरली ओईसीडी ४३९. ही पद्धत २०१० मध्ये मान्य झाली. यात माणसाच्या त्वचापेशींपासून प्रयोगशाळेत बाह्यत्वचा वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून हवा, अशा स्थितीत पेशींचे थर चढत जातात आणि वरचा मृत पेशींचा कठीण थरही तयार होतो. रसायनाला आधी तो थर ओलांडावा लागतो, जसा आपल्या हातावर ओलांडावा लागतो. पेशी थेट रसायनात बुडवण्यापेक्षा ही चाचणी विश्वासाची वाटते ती यामुळेच.

लॅब शोधताना मी आधी जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळेच्या चांगल्या कार्यपद्धतीचं, प्रमाणपत्र पाहिलं. ते केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालचं राष्ट्रीय प्राधिकरण देतं. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेत (एका देशाचे चाचणी अहवाल दुसऱ्याने मान्य करायचे) पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे इथल्या जीएलपी लॅबचा अहवाल युरोपातही चालतो. पण प्रमाणपत्र असून भागत नाही, त्याच्या व्याप्तीत ही चाचणी येते का तेही बघायचं. आम्हाला मिळालेली लॅब परराज्यातली होती. कुरिअरवाल्यांनी द्रव रसायन घ्यायला काचकूच केली; सेफ्टी डेटा शीट, गळती न होणारं दुहेरी पॅकिंग आणि बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र सोबत दिल्यावर काम झालं. नमुना लवकर पोचवणं महत्त्वाचं, कारण वाढवलेली ही त्वचा, म्हणजे ऊतक, फार दिवस टिकत नाही. ते लॅबमध्ये आलं की काम सुरू, आपली बाटली पोचली नसेल तर पुढच्या खेपेची वाट बघायची.

मग लॅबच्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला आणि त्या एका फोनमध्ये मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. निकाल मोजतात तो एमटीटी नावाच्या पिवळ्या रंजकाने. जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मझान करतात. ते आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून ५७० नॅनोमीटरला मोजायचं. जांभळा रंग जास्त तर पेशी जास्त जिवंत. आमचं कूलंट हिरवट, आणि त्यात पितळ काळं पडू नये म्हणून गंधकयुक्त गंजरोधक. बाई म्हणाल्या, ‘तुमचा घटक पेशींशिवायही एमटीटी जांभळं करू शकतो. तसं झालं तर मेलेली त्वचा आम्हाला जिवंत दिसेल आणि दाहक माल निर्धोक ठरेल.’ त्यांनी आधी नुसत्या एमटीटीत कूलंट घालून पाहिलं. रंग बदलला. म्हणून गोठवून मारलेल्या ऊतकावर तीच चाचणी समांतर केली आणि तिथे आलेला रंग मूळ आकड्यातून वजा केला. खर्च वाढला. आमच्या साहेबांना मी हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच मंजुरी दिली, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

क्रम असा होता. आधी ओईसीडी ४३१, म्हणजे कातडी भाजते का. त्यात ३ मिनिटं आणि १ तास असे दोन संपर्ककाळ. आमचं कूलंट भाजणारं नव्हतं. हे आधी करायचं कारण, ४३९ मध्ये पेशी मेल्या तर नुसता दाह की भाजणं हे तिला वेगळं सांगता येत नाही. मग ४३९ : आमच्या लॅबच्या मॉडेलमध्ये ३० मायक्रोलिटर नमुना, ६० मिनिटं संपर्क, मग बफरने पुन्हा पुन्हा धुणं आणि ४२ तास उबवणं. सोबत तुलनेसाठी एका ऊतकसंचावर नुसता बफर (निरुपद्रवी क्षार-द्रावण) आणि दुसऱ्यावर नक्की दाह करणारं ५% एसडीएस, प्रत्येकी तीन ऊतकं. मला ते ४२ तास फार पटले. सौम्य इजेतून त्वचा त्या वेळात सावरते, आणि खरी इजा असेल तर ती त्या वेळात पुरती उघड होते.

निकाल आला : मूळ, म्हणजे पाणी न घातलेल्या, कूलंटमध्ये पेशींची जिवंतता ५०% च्या खाली. वर्ग २, त्वचेचा दाह करणारं. लेबलवर उद्गारचिन्हाचं चित्र आणि एच३१५ हा त्वचेच्या दाहाचा इशारा-क्रमांक. विक्रीच्या लोकांचे चेहरे उतरले. मी मात्र आग्रह धरून पाण्यात मिसळलेल्या ५% द्रावणाचाही नमुना पाठवला होता, कारण मशीनवर तेच असतं. ते ५०% च्या वर, म्हणजे वर्गीकरणाबाहेर. लगेच मागणी आली की पत्रकावर ‘त्वचेसाठी सुरक्षित’ छापा. मी छापू दिलं नाही. ही चाचणी एका तासाच्या एका संपर्काचं सांगते. ऑपरेटरचा हात रोज, शिफ्टभर ओला असतो, त्यावर धातूच्या किसाचे ओरखडे असतात. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं आणि ५% चं प्रमाण नकळत वाढतं. शिफ्ट संपल्यावर काही जण रॉकेलने हात धुतात, त्याने त्वचेचं उरलंसुरलं तेलही जातं. आणि बायोसाइडची, म्हणजे कूलंटमध्ये जंतू वाढू न देणाऱ्या घटकाची, ॲलर्जी हा तर वेगळाच प्रश्न, त्याच्या चाचण्याही वेगळ्या.

म्हणून नव्या शीटवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या : मूळ कूलंट ओतताना नायट्राइल हातमोजे आणि चष्मा, टाकीतल्या कूलंटचं प्रमाण रोज रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) बघणं, आणि हात सौम्य साबणाने धुऊन कोरडे करून मलम लावणं. सातपूरच्या त्या शॉपमध्ये मी स्वतः जाऊन हे समजावलं. तिथले एक जुने ऑपरेटर म्हणाले, ‘ताई, एवढ्या वर्षांत हात दाखवा असं कोणी म्हटलं नव्हतं.’ त्यांना मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी शोधण्यासाठी) जायला सांगितलं, आणि डॉक्टरांना दाखवायला आमच्या कूलंटमधल्या बायोसाइडचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

आता खरेदी विभागाला इमल्सिफायरचा पुरवठादार बदलायचा आहे. अहवाल जुन्या फॉर्म्युल्याचा आहे, नव्या मालाला तो चालणार नाही, हे मी त्यांना लेखी कळवलं आहे. नव्या इमल्सिफायरचा नमुना आणि शीट हाती आल्याशिवाय बॅच लावू नका, असंही सांगून ठेवलं आहे.