एक तास पंच्याऐंशी मिनिटं

आज पाचवीत फळ्यावर गणित दिलं : परभणीहून एसटी 9:40 ला निघाली, नांदेडला 11:25 ला पोचली, किती वेळ लागला? निम्म्या वर्गाचं उत्तर, 1 तास 85 मिनिटं. उभी वजाबाकी, हातचा घेतला शंभराचा. लेकरांचा दोष नाही, रुपये-पैशात तसंच चालतं. तासाला मात्र साठच.

मग फरशीवर खडूनं लांब संख्यारेषा ओढली. 9:40 वरून आधी 10 वर उडी, 20 मिनिटं. 10 ते 11, एक तास. तिथून 25 मिनिटं. बेरीज 1 तास 45 मिनिटं. उड्या प्रत्यक्ष मारायच्या म्हटल्यावर रांग कसली न् काय!

खरी गंमत पुढं. मागच्या बाकावरचा एकजण, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "मॅडम, आमच्या शेतातली लाईट रात्री 10:40 ला आली, सकाळी 6:25 ला गेली. मोटर किती वेळ चालली?" आता बारा ओलांडायचे होते. एक पोरगी म्हणाली, "बारापाशी थांबा की, मग नव्यानं मोजा." 20 मिनिटं, 1 तास, मग बारापासून 6 तास, वर 25 मिनिटं. 7 तास 45 मिनिटं!

तो म्हणाला, "बाबा तेवढा वेळ दाऱ्यावरच होते, पिकाला पाणी देत."

उभ्या मांडणीची घाई कशाला करतो आपण, कळत नाही. ती पुढच्या आठवड्यात बघू. उद्या प्रत्येकानं घरून एक वेळेचं गणित आणायचंय.