अण्णांना घाटात का सोडलं

"तुम्हीच ना ते, अण्णांना पसरणीत टाकून गेलेले?"

मागच्या रविवारी लिंब फाट्यावर चहा घेताना आमच्यातल्या एका नव्या पोराने हे विचारलं. पोरगा सरळ आहे, टोचायचं म्हणून विचारलं नव्हतं. पण चार वर्षांपूर्वीच्या त्या सायकल शर्यतीपासून हा प्रश्न मला येतोय. सायकलच्या दुकानात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर एका मयताहून परतताना आला. माझं उत्तर ठरलेलं असतं: "त्यांनीच हात केला, जा म्हणून." परवाही तेच दिलं, आणि या वेळी ते माझ्याच घशात अडकलं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

अण्णा कोण, त्यांनी आम्हाला कसं तयार केलं, हे साताऱ्यात सायकल चालवणाऱ्या कुणाला सांगायला नको. नियम मात्र सांगतो, कारण विचारणारे तो सोयीने विसरतात. टीम चौघांची होती: अण्णा, आमचे डॉक्टर, धाकटा आणि मी. साताऱ्याहून पाचवड, वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि शेवट महाबळेश्वरला, असे साधारण 65 किलोमीटर. तिसरा गडी रेषा ओलांडेल ती टीमची वेळ. चौथा कधी आला, आला की नाही, याने निकालात फरक पडत नाही. हा काही आपल्याकडचाच नियम नाही. 2019च्या टूर डी फ्रान्समध्येही सांघिक टप्प्याला आठांपैकी चौथ्याची वेळ धरली होती. कुणीतरी मागे पडणार हे धरूनच अशी शर्यत आखतात.

आणि कृपा करून मला महाजन बंधूंचं उदाहरण देऊ नका. नाशिकच्या त्या दोघा डॉक्टर भावांनी 2015 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, जवळपास 4,800 किलोमीटर. त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण दोघांच्या टीममध्ये एक जण सायकलवर असतो तेव्हा दुसरा गाडीत पाठ टेकतो, मग पाळी बदलते. घाटात वळून भावाकडे बघायची आणि तिथल्या तिथे ठरवायची वेळ त्या प्रकारात येत नाही. आमच्यावर आली.

जानेवारीची सकाळ होती. बोटं ब्रेकवर वळत नव्हती. सर्व्हिस रोडला उसाच्या ट्रॉल्या, आणि वारा समोरून. सपाटीवर चौघांनी एका रांगेत चालवायचं, पुढच्याने वारा झेलायचा, मागच्यांनी त्याच्या चाकाला चिकटून बसायचं. असं बसलं की मागच्याची ताकद पाव हिश्श्याहून जास्त वाचते. प्रत्येकाने मिनिटभर पुढे काढायचं आणि बाजूला व्हायचं असं ठरलं होतं. पाचवडला वाईकडे वळलो आणि अण्णांनी मिनिटाचा हिशेब सोडला. तीन-तीन मिनिटं ते पुढे राहायला लागले. कोपर हलवून पुढे बोलवायचे, आम्ही जायचो, थोड्या वेळाने ते पुन्हा पुढे. आमच्यापैकी एकानेही "अण्णा, पुरे" म्हटलं नाही. छपन्न वर्षांच्या माणसाच्या पाठीआड आम्ही तिघं आमचे पाय राखून बसलो होतो. डॉक्टर बेचाळीसचे, मी चौतीसचा, आणि धाकटा तर तेवीसचा.

हे मी कुणाला सांगत नाही. विचारणारेही घाटाबद्दलच विचारतात. वाईच्या अलीकडे काय झालं ते कुणी विचारत नाही.

अण्णांच्या सायकलला मागे सगळ्यात मोठं चक्र 28 दात्यांचं होतं. आमची 32ची, आणि दाते जास्त तितका चढ हलका. बदलून घ्या म्हटलं होतं, तर ते म्हणाले, "बोरघाट याच्याहून जड गिअरवर चढलोय मी." तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत ते उतरले होते. 'घाटाचा राजा' ठरलेल्या गड्याला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, आणि त्याच्या मागोमाग आपण कसे चढलो हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आम्ही जास्त आग्रह केला नाही.

पसरणी गाव सुटलं की सलग चढ. घाटात चाकामागे बसून फारसं काही वाचत नाही. वेग चौदा-पंधरावर येतो, वाऱ्याची भिंत उरत नाही, उरतं ते आपलं वजन आणि आपले पाय. माणूस तुटतो तो धाडकन तुटत नाही. आधी पुढच्या चाकापासून हातभर अंतर पडतं. तो ते भरून काढतो. पुन्हा पडतं, पुन्हा भरतो. मग एकदा सायकलभर पडतं आणि तेवढंच राहतं. दहा मीटर झालं की संपलं. अण्णा तिसऱ्या किलोमीटरला हातभर मागे होते आणि पाचव्याला दहा मीटर. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, मग येईनासा झाला.

एका मोठ्या वळणावर रस्ता उलटा फिरतो आणि खालचा पट्टा दिसतो. पलीकडे धोमचं पाणी चमकत होतं. मी पुढून तिसरा, म्हणजे आता आमच्यातला शेवटचा. मी खाली पाहिलं. अण्णा उभे राहून पेडल मारत होते, मग बसले. डाव्या पायात गोळा आला असावा, कारण पाय अर्ध्यात अडखळला. त्यांनी वर पाहिलं, थेट माझ्याकडे. उजवा हात हँडलवरून काढला आणि दोनदा हलवला.

डॉक्टरांनी मागे न बघता विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "जा म्हणतायत."

एवढंच. डॉक्टरांनी वेग वाढवला, धाकटा त्यांच्या चाकाला लागला, मी धाकट्याच्या.

आता तो हात. खुणा आम्हाला अण्णांनीच शिकवल्यात, यवतेश्वरच्या घाटात, पहिल्या महिन्यात. कोपर झटकलं तर पुढे ये. खाली रस्त्याकडे बोट दाखवलं तर खड्डा. तळहात जमिनीकडे करून हलवला तर हळू. त्या दिवशी त्यांचा तळहात खाली होता.

चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लांबून नीट दिसलं नाही. दिसलं होतं. चाळीस मीटरही अंतर नसेल, आणि ऊन त्यांच्या अंगावर होतं. पण दमलेला माणूस हात वर न्यायला जातो आणि तो वर जातच नाही, असंही होतं. मी स्वतः तसा हात केलाय. "जा रे जा" म्हणणाराही कधी कधी तळहात खाली ठेवूनच झटकतो. या दोन्ही गोष्टी मला खऱ्या वाटतात, आणि कुठली आधी आठवावी हे त्या त्या दिवशीच्या माझ्या मनावर असतं.

"तू तरी थांबायचंस," असं लोक म्हणतात तेव्हा मात्र मला राग येतो. एकट्याने थांबायची सोय त्या नियमात नाही. मी अण्णांसोबत राहिलो असतो, तर टीमचा तिसरा गडी मीच. म्हणजे माझं थांबणं हे तिघांचं थांबणं. धाकट्याने त्या शर्यतीसाठी आठ महिने पहाटे चारला उठून चालवलं होतं. त्याचं मी परस्पर कसं ठरवणार? हे आजही मला पटतं. पण मग डॉक्टरांना "हळू म्हणतायत" एवढं सांगून निर्णय तिघांवर सोडता आला असता, आणि मी तो सोडला नाही. परस्पर ठरवलं ते मीच.

आम्ही तिसरे आलो. चौथ्या टीमपेक्षा 22 सेकंदांनी पुढे. हा आकडा मी आधी अभिमानाने सांगायचो.

अण्णा एकोणीस मिनिटांनी आले. घाटात त्यांनी काही अंतर सायकल हाताने ढकलली, मागच्या गाडीवाल्यांनी बसा म्हटलं तर बसले नाहीत, हे नंतर दुसऱ्यांकडून कळलं. सायकल भिंतीला लावून त्यांनी आधी विचारलं, "कितवे?" मी तीन बोटं दाखवली. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, मग खाली बसून बूट काढायला लागले. बूट निघेना. धाकट्याने वाकून काढून दिला. फोटोत चौघंही आहोत आणि अण्णा हसतायत.

त्यानंतर ते आमच्यासोबत शर्यतीला आले नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. सकाळी एकटेच कासच्या रस्त्याला दिसतात, हात करतात. चौतीस वर्षांचा मी म्हणायचो, वय झालं, ते कधीतरी सोडणारच होते. त्या मला आज खोटं ठरवायचं म्हटलं तर माझ्याकडे पुरावा नाही. त्याचं खरं मानायचं म्हटलं तर तो तळहात आड येतो.

गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. धीर करून विचारलं, "अण्णा, पसरणीत तुम्ही हात केलात तो जा म्हणून की हळू म्हणून?"

"कुठला हात?" ते म्हणाले.

मी वळणाचं सांगितलं, धोमचं पाणी सांगितलं. ते थोडा वेळ हातातल्या आपट्याच्या पानांकडे बघत राहिले. "मला नाही आठवत रे," म्हणाले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. अण्णांना खरंच आठवत नव्हतं की मला सोडवायला ते तसं म्हणाले, हे मला त्या घरात कळलं नाही आणि बाहेर येऊनही कळलं नाही.

या जानेवारीत आम्ही पुन्हा उतरतोय. रस्ता तोच, नियमही तोच. डॉक्टर, धाकटा, मी, आणि चौथा तो लिंब फाट्यावरचा पोरगा. चढाला तो अजून आमच्यापेक्षा कच्चा आहे, हे त्यालाही माहीत आहे. त्यामुळे रविवारी तो अण्णांबद्दल विचारत होता असं मला आता वाटत नाही. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय. त्याने सही करण्याआधी हे वाचावं, आणि डॉक्टरांनीही वाचावं, कारण "जा म्हणतायत" हे त्यांनी फक्त माझ्या तोंडून ऐकलंय.