सोमवार, टूरवाला आणि मेक्सिकोचं म्युझियम

मेक्सिको सिटीतलं राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय सोमवारी बंद असतं. आधी हे लिहून टाकतो, कारण आमच्या पुण्याच्या टूरवाल्याला ते ठाऊक नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊला आम्ही दोघं दारात. कुलूप. बाहेर त्लालोक, प्राचीन मेक्सिकोचा पर्जन्यदेव, सुमारे १६८ टनांचा दगड. १९६४ मध्ये त्याला एका गावातून इथे आणलं, तेव्हा अवकाळी पाऊस कोसळला म्हणतात. त्याच्यासमोर उभं राहून फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेआठ.

"साहेब, उद्या ऑफिस उघडलं की बघतो."

पुण्यात सकाळी दहाला ऑफिस उघडेल, तेव्हा आमच्याकडे सोमवारचेच रात्री साडेदहा! तोवर जागलो. मग अर्धा तास होल्डवर बासरी ऐकली.

"मंगळवारी तुमची तेओतिवाकानची, त्या पिरॅमिडांच्या प्राचीन शहराची, बस आहे. बदलता येत नाही, पैसेही परत नाहीत."

"अहो, पण म्युझियम तुमच्याच प्रोग्रॅममध्ये आहे."

"आहे ना. सोमवारी आहे."

या उत्तरावर मी काय बोलणार? बुधवारी पहाटे विमान. बायको म्हणाली, "बस गेली खड्ड्यात, आपण म्युझियम बघू." तिचं ऐकलं.

मंगळवारी आत जायला त्रास असा झालाच नाही. अंगणात एका खांबावर पेललेलं प्रचंड छप्पर आहे, त्यावरून पाणी कोसळत असतं. लोक उजवीकडून क्रमाने दालनं बघत निघतात आणि मेशिका (म्हणजे अ‍ॅझ्टेक) दालनापर्यंत पाय गळून जातात. तुम्ही सरळ समोर जा, तेच दालन. सूर्यशिला, अ‍ॅझ्टेकांची ती कोरीव दगडी चकती, तिथेच आहे, सुमारे २४ टन. १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात खणताना सापडली.

तेओतिवाकानच्या दालनात पंखधारी सर्पाच्या मंदिराचा दर्शनी भाग पूर्ण आकारात, मूळ रंगांत उभा केलाय. बस सोडल्याचं दुःख तिथे निम्मं झालं.

पायांत चांगले बूट हवेत, हे राहिलंच. आणि वरचा मजला सोडू नका. तिथे आजच्या आदिवासी समाजांची दालनं आहेत. मका वाटायचा दगड, मेताते, बघून बायको थबकली. "हा तर आपला पाटा!" फक्त याला तीन पाय आणि पुढे उतार. वरवंटा मात्र दोन्ही हातांनी धरायचा, अगदी आपल्यासारखा.